साहेबांचा कुलवृत्तांत

साहेबांचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. ते इतकं दुर्मिळ आहे की आडनाव सांगणं म्हणजे घराचा पत्ता सांगण्यासारखंच. त्या आडनावाची जगात आज जेवढी माणसं आहेत ती शाळेच्या एका बसमध्ये मावतील आणि मागची दोन बाकं रिकामी राहतील. मला हे ठाऊक आहे, कारण माझ्या वडिलांनी त्यांची शिरगणती केली आहे. दुबईत, अल कुसैसमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, पापडाचा डबा बाजूला सरकवून, साताऱ्याकडच्या एका निवृत्त ड्राफ्ट्समनने एका इंग्रज घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला. हे खोटं वाटेल, पण घडलंय, आणि ते घडत असताना टेबल मोकळं नसल्यामुळे मी, नवरा आणि मुलगी दोन महिने मांडीवर ताट घेऊन जेवत होतो.

ज्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघालेला नाही ती माणसं सुखी. आमचा निघाला. विटेएवढं जाड पुस्तक, आत आमच्या आडनावाचे झाडून सगळे, मूळ पुरुषापासून अमेरिकेतल्या बाळांपर्यंत. अकरा वर्षं ते काम चाललं. सात जणांची समिती होती. त्यातले तिघे पहिल्या दोन वर्षांतच एकमेकांशी बोलेनासे झाले, त्यामुळे समितीच्या बैठकीत निरोप्याचं काम करायला एक आठवा माणूस नेमावा लागला. वंशवेली काढायचं काम बाबांकडे होतं. बाबांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. त्यांनी काढलेली आमची वंशवेल वेलीसारखी दिसतच नाही, कालव्याच्या नकाशासारखी दिसते. मुख्य कालवा, त्याला शाखा, शाखेला वितरिका. जिथे वंश संपला तिथे कालव्याच्या शेवटाला दाखवतात तशी एक छोटी आडवी रेघ.

समितीचा नियम असा होता: मुलीचं नाव वडिलांच्या खाली येईल, कंसात ‘विवाहित’ लिहायचं, आणि तिथे थांबायचं. मुलगा नसेल तर आडवी रेघ. मी एकुलती एक. त्या पुस्तकात एका पानावर बाबांचं नाव आहे, त्याखाली माझं, आणि माझ्याखाली रेघ. ती बाबांनी स्वतः मारलीय, गुण्या लावून, बारीक टोकाच्या पेनाने. मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती आणि बाजूच्या खोलीत कार्टून बघून खदाखदा हसत होती. पुस्तकाच्या हिशेबाने ती जन्मलीच नव्हती.

तेव्हा मी बोलले नाही. आई आजारी होती, तो विषय काढायची ती वेळ नव्हती. पण मनातून ते कधी गेलं नाही. आई गेल्यानंतरही नाही. बाबांनी मला त्या कागदावर संपवलं होतं आणि मला ते त्यांच्याकडून परत घ्यायचं होतं. पुस्तकाची नवी आवृत्ती वगैरे नको होती. त्यांनी एकदा म्हणावं की ती रेघ चुकली, एवढंच.

तर बाबा साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर आले. नवरा जबल अलीला गोदामात, त्याच्या शिफ्टच्या वेळा बदलत्या. मुलगी शाळेत. मी सकाळी सहाला घर सोडून मेट्रोने दुबईच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात. बाबा दिवसभर एकटे. एकट्या बाबांना एकच उद्योग सुचतो, तो म्हणजे समोरच्याला त्याचं आडनाव विचारून त्याला त्याच्या जागी बसवणं. इमारतीचा वॉचमन गुहागरकडचा निघाला. बाबांनी पाच मिनिटांत त्याला त्याच्या पणजोबांचा धंदा सांगितला. तो बिचारा इतका हादरला की त्या दिवसापासून बाबा दिसले की उभा राहायचा. मग खालच्या दुकानातला केरळी, मग लाँड्रीवाला पठाण. एका आठवड्यात आख्खी इमारत बाबांना टाळायला लागली.

त्याच आठवड्यात माझ्या मेट्रोचा काहीतरी घोळ झाला आणि साहेबांनी मला घरी सोडलं.

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कुठला कागद कितवा, कुणाकडे आणि कधीचा, हे सांगणारी बाई. साहेब साठीचे, उंच, उन्हाने लालबुंद. बायको कधीच सोडून गेलेली, मूलबाळ नाही, उन्हाळ्यात निवृत्त होऊन परत जाणार होते. वीस वर्षं आखातात काढलेला माणूस, परत कुठे जाणार हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. शारजाच्या बाजूच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकल्यावर त्यांना वर चहाला बोलावणं मला भागच होतं.

बाबांनी दार उघडलं. नमस्कार केला. साहेबांनी हात पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं. बाबांनी आडनाव ऐकलं, दोन क्षण डोळे मिटले, डोक्यातल्या सगळ्या फायली चाळल्या आणि काही सापडलं नाही.

"युवर नेटिव्ह प्लेस?"

"लंडनजवळ," साहेब म्हणाले.

"ते आत्ताचं. मूळ?"

साहेब बुटाची नाडी सोडता सोडता थांबले. वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "ठाऊक नाही. मला हे कधी कुणी विचारलं नाही."

बाबांच्या चेहऱ्यावर जी कणव दाटून आली ती मी त्याआधी फक्त आईच्या आजारपणात पाहिली होती. साठ वर्षांचा माणूस आणि त्याला मूळ गाव ठाऊक नाही! बाबांनी त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं, माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, चहा टाक. आणि मला कोरे कागद दे." त्या संध्याकाळी साहेब साडेआठला गेले. जाताना हातात चार पानी फॉर्म होता. आमच्या कुलवृत्तांताचा मूळ फॉर्म, बाबांनी स्वतः इंग्रजीत उतरवलेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता नोकरीवर गदा. साहेबांनी फॉर्म पुढे केला. "इथे गोत्र म्हणजे काय लिहायचं?"

मी फोन लावला. बाबा म्हणाले, "ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. लिहायला सांग." साहेबांनी स्वच्छ अक्षरात काश्यप लिहिलं. मग कुलदैवत. साहेबांनी बराच विचार केला आणि म्हणाले की घरात देवाचं कुणी फारसं नाही, पण आजोबा, वडील आणि ते स्वतः एकाच फुटबॉल क्लबच्या मागे आहेत. बाबांनी रीतसर उलटतपासणी घेतली. दर्शनाला जाता का? दरवर्षी. नवस बोलता का? प्रत्येक सामन्याला. पावतो का? साहेब म्हणाले, सहसा नाही. "मग कुलदैवतच आहे," बाबा म्हणाले आणि नोंद केली. कुलाचाराच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं: नाताळच्या दिवशी सगळ्यांनी एकत्र जेवणे, जेवताना भांडणे आणि आपापल्या गाडीत जाऊन बसणे. बाबांनी त्यापुढे बरोबरची खूण करून लिहिलं, ‘आमच्याकडेही आहे’.

इथवर मला ही सगळी गंमत वाटत होती. पण मग साहेबांनी इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या चुलत बहिणीला मेल टाकला आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. त्या बाईकडे घराण्याच्या कागदांची एक ट्रंक होती. चर्चच्या नोंदवह्या, मृत्युपत्रं, जमिनीचे कागद, सगळ्याच्या नकला. आयुष्यभर कुणीतरी विचारेल म्हणून ती थांबली होती, आणि विचारलं ते अल कुसैसमधून. तिने एका रात्रीत माझ्या ऑफिसच्या मेलवर इतके स्कॅन पाठवले की आयटीवाल्याने मला समज दिली. मी सवयीने प्रत्येक कागदाला नंबर दिला. शेवटी मी पगार त्याचाच घेते.

साहेब आता दर सुट्टीला आमच्या टेबलाशी येऊन बसू लागले आणि हळूहळू आडनावाचा उगम सापडला. इंग्लंडच्या उत्तरेला एक वाडी होती, तिच्यावरून ते पडलं. वाडीतला एक माणूस दुसऱ्या गावी जाऊन राहिला आणि तिथले लोक त्याला त्या वाडीचा म्हणून ओळखू लागले. बाबांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे आपल्यासारखंच! हे अमुककर!" त्या दिवसापासून बाबा साहेबांना त्यांच्या वाडीला ‘कर’ लावूनच हाक मारत आणि साहेब ओ देत.

वाडी आता नाही. माझ्या मुलीने ती फोनवरच्या नकाशात उपग्रहावरून शोधली. हिरवं कुरण, दगडी कुंपण आणि पांढरे ठिपके.

"आजोबा, दोज आर शीप," ती म्हणाली.

बाबांनी फोन कपाळाला लावला आणि मेंढ्यांना नमस्कार केला. साहेबांनी बाबांकडे पाहिलं, मग त्यांनीही मान लववली. मला हसू आवरेना म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले.

मूळ पुरुषावरून पहिला वाद झाला. सगळ्यात जुन्या नोंदीत या आडनावाचा जो माणूस सापडला त्याला दंड झाला होता. त्याची डुकरं चर्चच्या कबरस्तानात शिरून उकरत होती. बाबांना ते पसंत पडेना. मूळ पुरुषाला कसा दृष्टांत व्हायला हवा, निदान एखादी जमीन इनाम मिळायला हवी. आमच्या मूळ पुरुषाला तर स्वप्नात देवी आली होती. बाबांनी सुचवलं की डुकरांचा उल्लेख गाळावा आणि ‘चर्चशी जुने संबंध’ असं लिहावं. साहेब कधी नव्हे ते ठाम झाले. "डुकरं राहतील." दोघं अर्धा तास एकमेकांशी बोलले नाहीत. मला वाटलं, चला, समिती खऱ्या अर्थाने स्थापन झाली.

बाबांचे साठ दिवस संपत आले. आम्ही व्हिसा आणखी तीस दिवस वाढवून घेतला. अर्जात मुक्काम वाढवण्याचं कारण विचारलं होतं. बाबा ‘वंशावळ’ लिहायला निघाले होते, मी त्यांच्या हातून पेन काढून घेतलं आणि ‘कुटुंब’ लिहिलं.

आणि मग एका शनिवारी ट्रंकवाल्या बाईकडून तो कागद आला.

ते एक मृत्युपत्र होतं, काही पिढ्यांपूर्वीचं. या घराण्यातल्या एका मेंढपाळाला एकच मूल होतं, मुलगी. त्याने लिहून ठेवलं होतं की जो तिच्याशी लग्न करेल त्याने आपलं आडनाव टाकून हिचं आडनाव लावावं, नाहीतर जमीन आणि मेंढ्या चर्चला जातील. शेजारच्या शेतकऱ्याच्या तिसऱ्या मुलाने ही अट मान्य केली. त्यांना नऊ मुलं झाली. आज त्या आडनावाची जेवढी माणसं हयात आहेत, साहेबांसकट, ती सगळी या बाईची. बाकीच्या शाखा केव्हाच आटल्या होत्या.

साहेबांना हे फार आवडलं. बाबांचा चेहरा मात्र पडला.

"घरजावई," ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "मग वंश इथेच संपला."

"म्हणजे?" मी विचारलं. मला म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं.

"नियम आहे. मुलीखाली रेघ. पुढची सदतीस पानं रद्द."

साहेब समोर बसून पोहे खात होते. मी त्यांना सांगितलं की बाबांच्या मते त्यांचं घराणं त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी संपलेलं आहे. साहेबांनी चमचा खाली ठेवला आणि आदराने विचारलं, यावर काही उपाय आहे का?

उपाय बाबांनी रात्रभर जागून काढला. सकाळी म्हणाले, दत्तक. त्या मेंढपाळाने जावयाला दत्तक घेतलं असेल तर तो मुलगाच झाला, कालवा अखंड. साहेबांनी बहिणीला मेल केला: दत्तकविधान झालं होतं का, होम झाला होता का, साक्षीला कोण होतं? दोन दिवसांनी उत्तर आलं. दत्तकाचा कागद नाही. लग्नात एक डुक्कर कापल्याची नोंद मात्र आहे. बाबा डुकराकडे दुर्लक्ष करून दत्तक धरायला तयार झाले होते, तेवढ्यात त्यांनीच कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, दत्तक धरला तर बहीण-भावाचं लग्न लागतं!"

साहेबांना मी हेही सांगितलं. एकतर तुमचं घराणं संपलंय, नाहीतर ते महापापातून निर्माण झालंय, बाबा दोन्ही बाजूंचा विचार करताहेत. साहेब म्हणाले, घाई नाही, सरांना वेळ घेऊ द्या.

मी हसून हसून सांगतेय, पण त्या दोन दिवसांत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. हा माणूस एका परक्या मेंढपाळाच्या मुलीसाठी झोप उडवून घेतो. तिची नऊ मुलं कशी वाचवता येतील म्हणून धर्मशास्त्र उलथंपालथं करतो. आणि माझ्याखाली रेघ मारताना याचा हात अडखळला नाही.

ठिणगी माझ्या मुलीने टाकली. आजोबांनी सोबत आणलेला आमचा कुलवृत्तांत ती चाळत होती. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, एकेक अक्षर जोडत बसते. आजोबांचं नाव सापडलं, माझं सापडलं. मग ती पान वर धरून म्हणाली, "आजोबा, व्हेअर अॅम आय?"

बाबा म्हणाले, "तू तुझ्या बाबांच्या घराण्यात."

"बट आय अॅम हिअर. आय अॅम इन युवर हाऊस ऑल द टाइम."

खरं तर तेच आमच्या घरात होते, पण तिचं म्हणणं सगळ्यांना कळलं. साहेबही तिथेच होते. बाहेरच्या माणसासमोर घरचं काढू नये हे मला कळतं, पण पंधरा वर्षांची मुलगी पुस्तकात स्वतःला शोधतेय हे बघून माझा तोल गेला.

"ही रेघ कुणी मारली?" मी विचारलं.

"समितीचा नियम होता."

"रेघ कुणी मारली, बाबा?"

"मी."

"मी जिवंत होते. ही जन्मलेली होती. तुम्हीच हिचं नाव सुचवलं होतंत."

"मी फक्त ड्राफ्ट्समन होतो," बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला ऐकायला पुढे वाकावं लागलं. मग ते उठून बाल्कनीत गेले आणि वाळत घातलेल्या कपड्यांमागे उभे राहिले. मी रडले. सरळ सांगते, साहेबांसमोर, ऑफिसातल्या साहेबांसमोर मी रडले.

साहेबांना आमच्या मराठी भांडणातला एक शब्द कळला नव्हता, पण पान त्यांनी पाहिलं. आता त्यांना नकाशा वाचता येत होता. ते बाल्कनीत गेले, टॉवेल बाजूला सारला आणि बाबांना म्हणाले, "सर, माझ्या नावाखाली रेघ मारा. ती खरी आहे, मला कुणी नाही, मी वाईट वाटून घेणार नाही. पण त्या बाईच्या खाली मारलीत तर तुमच्या घरी इतके दिवस चहा कोण पितोय?"

बाबांनी टॉवेल परत पुढे ओढून घेतला. साहेब तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक टिपण होतं, खात्यातल्या भाषेत, वळणदार अक्षरात. ‘सदर शाखा कन्येमार्फत पुढे प्रवाहित झाल्याचे निदर्शनास आले असून, प्रवाह अखंडित असल्याने, विशेष बाब म्हणून मान्यता देण्यात येत आहे.’ खाली सही. मुलीपासून नऊ शाखा काढलेल्या, सगळ्या ठसठशीत. साहेबांच्या नावाखाली मात्र एक लहान आडवी रेघ, जमेल तितकी पुसट.

मी वाट पाहिली. बाबा म्हणाले, "हे त्यांच्यापुरतं. विशेष बाब."

"त्यांच्यापुरतं," मी म्हणाले.

"आपलं पुस्तक छापून झालंय गं."

बाबा परत जाईपर्यंत आम्ही दोघं फक्त कामाचं बोललो, गोळ्या घेतल्या का, मोजे कुठे आहेत, एवढंच. आमच्या समितीतल्या त्या तिघांचं कसं झालं असेल ते मला तेव्हा समजलं.

छपाईचं काम बाबांनी जाण्याआधी आमच्याच भागातल्या एका प्रेसला दिलं. प्रेसवाला हैदराबादचा, दिवसभर कंपन्यांची अरबी माहितीपत्रकं छापणारा. मजकूर इंग्रजीत, फक्त शेवटचं पान मराठीत, कारण कुलवृत्तांताच्या शेवटी संपादकाचा परिचय असतो आणि तो मातृभाषेतच हवा असा बाबांचा आग्रह. ते पान त्यांनी स्वतः प्रेसमध्ये बसून करून घेतलं. मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. प्रेसवाला रोज सांगायचा, "इन्शाल्ला, कल." असे कितीतरी कल गेले. बाबांचं विमान गेलं, साहेबांच्या व्हिसाची मुदत जवळ आली, आणि साहेबांच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीस प्रतींचं खोकं ऑफिसात येऊन पडलं.

प्रती उलट्या बांधलेल्या होत्या. प्रेसवाल्याने सवयीने अरबी पुस्तकासारखी उजवीकडून बांधणी केली होती. इंग्रज माणसाने आपल्या पद्धतीने पुस्तक हातात धरून उघडलं की शेवटचं पान आधी समोर यायचं. मी फोन केला. प्रेसवाला म्हणाला, "मॅडम, अंदर सब बराबर है ना? खलास!"

साहेबांनी एक प्रत उघडली. पहिलंच पान मराठी. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "यात काय लिहिलंय?"

मी वाचायला लागले. नाव. निवृत्त आरेखक, पाटबंधारे खाते. मूळ गाव. शिक्षण. छंद: आडनावे. हे सगळं मी भराभर इंग्रजीत सांगत गेले आणि साहेब हसत होते. त्याखाली ओळ होती: ‘अपत्ये: एक कन्या. तिला एक कन्या. शाखा पुढे चालू.’

मी थांबले.

"काही चूक आहे का? परत छापायला हवं का?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

साहेबांनी पुस्तक मिटलं. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी एकोणतीस प्रती सुटकेसमध्ये भरल्या, एक माझ्या टेबलावर ठेवली. आता त्या आडनावाच्या माणसांच्या घरोघरी ती पुस्तकं आहेत. प्रत्येक जण पुस्तक उघडतो आणि त्याला सगळ्यात आधी माझ्याविषयीची ती ओळ दिसते. त्यांच्यातल्या कुणालाही ती वाचता येत नाही.

संध्याकाळी मी बाबांना फोन केला. पुस्तकं आल्याचं सांगितलं. मग त्यांनी घसा खाकरून विचारलं, "बांधणी कशी झालीय?"

"उलटी," मी म्हणाले.

मग बाबा पंधरा मिनिटं त्या प्रेसवाल्याच्या नावाने ओरडत होते आणि मी फोन कानाशी धरून ऐकत होते.